पेटीतली विश्वासाची नावं

२०१६ साल होतं ते. नोरुझचा, नव्या वर्षाचा सण आठवड्यावर आला होता, उतारावरचा बर्फ अजून हलला नव्हता, आणि बुरुल आपल्या खोलीत दुपारचा चहा ओतून घेत असतानाच केनेश बायके आत आले; ‘बायके’ म्हणजे दादा, तिकडे मोठ्या माणसाला असंच म्हणतात. दारावर टकटक करायची त्यांना सवय नव्हती. खाण, दगड भरडायची शेड, कामगारांची वसाहत, रुग्णालय, गावातलं सगळंच कंबिनातच्या, म्हणजे खाण चालवणाऱ्या कारखान्याच्या मालकीचं. त्या कंबिनातमध्ये कोण काय बोलतो, कुणाशी बोलतो, यावर लक्ष ठेवायला पूर्वीपासून ‘पहिला विभाग’ होता, आणि केनेश बायके त्याचे प्रमुख. त्यांनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर मोडून ठेवलेल्या नानच्या शेजारी अलगद ठेवला.

“नानशेजारी ठेवलाय बघ,” ते म्हणाले. “अन्नाशेजारी कुणी पाप ठेवत नाही. म्हणजे त्यात वाईट काही नाही.”

बुरुल हसली. हसणं भागच होतं. तिने त्यांच्यापुढे पियाला केला. रीतीप्रमाणे अर्धाच भरला. काठोकाठ भरून दिला, तर पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. तो तसा भरून द्यावा असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि नुसतं मनात आलं म्हणूनसुद्धा तिला भीती वाटली.

बायकेंनी चहा पीत पीत काम सांगितलं. बुरुल रुग्णालयाच्या नेटवर्कचं सगळं बघायची. रुग्णालयातले सगळे कंप्युटर एका यंत्रातून बाहेरच्या जगाशी बोलत. त्या यंत्राचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला नुसतं ‘पेटी’ म्हणत. पेटीत एक यादी असते. त्या यादीत ज्यांची डिजिटल प्रमाणपत्रं आहेत, त्यांच्या शिक्क्यावर पेटी डोळे मिटून विश्वास ठेवते. समोरची बँक खरी की खोटी, टपालाचं पान खरं की कुणी रंगवलेलं, हे त्या शिक्क्यावरूनच ठरतं. बुरुल ती यादी घरातल्या फडताळासारखी ठेवायची. मुदत संपलेली प्रमाणपत्रं काढायची, नवी पारखून घालायची, अनोळखी काही दिसलं की आधी विचारायची. आता बायकेंनी आणलेलं प्रमाणपत्र कंबिनातने स्वतःच तयार केलेलं होतं. ते पेटीत घालायचं आणि मग रुग्णालयातल्या एकूण एक कंप्युटरच्या विश्वासू यादीतही.

त्यांनी ‘सुरक्षेसाठी’ एवढंच म्हटलं. पण बुरुलला पुढचं सांगावं लागत नव्हतं. आता पेटी प्रत्येकाचं पत्र उघडणार, पहिल्या विभागाला दाखवणार, पुन्हा बंद करणार आणि वर कंबिनातचा शिक्का मारून पुढे पाठवणार. तो शिक्का कंप्युटरच्या यादीत असला, की समोर बसलेल्याला काडीचाही संशय येणार नाही.

“हे दोघांनाच माहीत आहे,” उठताना बायके म्हणाले. “मला आणि तुला. बाहेर फुटलं, तर कुणाकडून फुटलं हे शोधत बसायला नको. सोपं आहे की नाही?”

जाता जाता त्यांनी सबीरच्या खोकल्याची चौकशी केली. सबीर तिचा नवरा. बायके मनापासून विचारत होते, हे बुरुलला कळत होतं. तेच जास्त अवघड होतं.

सबीरने सारं आयुष्य भरडायच्या शेडमध्ये काढलं. तिथे माणसाला माणूस दिसायचा नाही इतकी दगडाची भुकटी उडायची. त्याच्या आणि त्याच्यासारख्या अनेकांच्या कागदांवर कंबिनातचे डॉक्टर ‘धूम्रपानामुळे श्वासनलिकेची सूज’ असं लिहीत. सबीरने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. तो हसून म्हणायचा, “चुकून दुसऱ्याच्या सिगारेटींचा खोकला मला आलाय, ज्याचा असेल त्याने येऊन घेऊन जावा.”

छातीच्या फोटोंच्या खोलीत आयसुलू काम करायची. तिशीतली, काटक, हजरजबाबी. सासू, दोन मुली आणि कामासाठी परमुलखात गेलेला नवरा असा तिचा संसार. बुरुलला ती ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायची. दर गुरुवारी या खोलीतला कंप्युटर परदेशातल्या एका विद्यापीठाकडे काहीतरी जड पाठवतो, हे बुरुलने पेटीतून कधीच पाहिलं होतं. एवढं जड म्हणजे छातीचे फोटोच, खोकल्याचं खरं कारण तिकडच्या डॉक्टरांकडून कळावं म्हणून. आयसुलूने एकदा जिन्यात तिला थांबवून, “सबीर बायकेंच्या फोटोची चांगली काळजी घेतेय मी, एजे,” असं म्हटलं होतं. बुरुल मान हलवून खाली उतरली होती. त्यापलीकडे दोघींत त्या विषयाचा शब्दही निघाला नाही. सांगितलं नाही म्हणजे माहीत नाही, हा त्या गावातला जुना हिशेब होता, आणि दोघींना तो पुरत होता.

आता तो पुरणार नव्हता. सांगावं, तर आयसुलू अचानक थांबणार, आणि ती थांबली की कुणाकडून फुटलं ते बायकेंना लगेच कळणार. घर कंबिनातचं. सबीरचा प्राणवायूचा सिलिंडर कंबिनातचा. न सांगावं, तर पहिल्याच गुरुवारी आयसुलू जाळ्यात.

घरी जाताना बुरुल बाजाराच्या रस्त्याने गेली नाही. कुणी भेटेल आणि आपल्या तोंडाकडे बघून ओळखेल असं तिला वाटत होतं. सबीरने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, डोकं दुखतंय.

असली भीती तिला नवी नव्हती. एकोणीस वर्षांची असताना ती इथल्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. लांबच्या शहरांचे फोन जोडून द्यायचं काम. मुली ओळीने बसायच्या, कानाला यंत्रं, पुढ्यात दोऱ्यांचं जंजाळ. काही दिवशी करड्या कोटातला एक माणूस येऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर बसायचा आणि कुणाच्या तरी जोडणीत आपली दोरी खुपसायचा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. पण तो आला की मुली फोन जोडून देताना “बोला” असं एकदा म्हणण्याऐवजी “बोला, बोला” असं दोनदा म्हणत. हे कुणी शिकवलं, कुणालाच सांगता आलं नसतं. गावाने ते ओळखलं होतं. दोनदा ‘बोला’ ऐकलं की माणसं मेंढ्यांबद्दल आणि हवेबद्दल बोलायची. करड्या कोटाचा माणूस तासन् तास हवेबद्दल ऐकून जांभया द्यायचा.

ती आठवण आली आणि बुरुलला वाट सापडल्यासारखं झालं. सगळ्या कंप्युटरमध्ये ते प्रमाणपत्र घालायचं, फक्त आयसुलूच्या सोडायचं. मग गुरुवारी तिच्या पडद्यावर मोठं लाल पान येईल. समोरचा शिक्का ओळखीचा नाही, तुमचा मजकूर मध्येच कुणीतरी वाचत असेल, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आयसुलू शहाणी आहे. वाचेल आणि थांबेल. सांगितलं कुणी? कुणीच नाही. यंत्रच म्हणालं, बोला, बोला.

दुसऱ्या दिवसापासून ती पेन ड्राइव्ह घेऊन खोलीखोलीतून फिरली. परिचारिका तिला चहा देत, नोरुझच्या पीठसाखरेची गाऱ्हाणी सांगत, आणि ती त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्या पाठीमागे दार उघडत होती. प्रसूती विभागातली म्हातारी दाई म्हणाली, “आमच्या यंत्रात एवढं काय घालतेस गं? त्यावर मी नातवाचे फोटो तर बघते.” बुरुलच्या हातून माउस सारखा निसटत होता.

मग ती फोटोंच्या खोलीत शिरली. आयसुलूच्या अंगावर जड शिशाचा झगा होता. ती म्हणाली, “या एजे, बसा. पण माझा कंप्युटर सुधारू नका हं, सुधारला की बिघडतो.” बुरुल बसली. पडद्यावरच्या दोन-चार खिडक्या उघडल्या, मिटल्या. पेन ड्राइव्ह मुठीतच होता. उठताना तिला वाटलं, हिचा हात धरून सांगून टाकावं. तेवढ्यात बाहेर कुणाचे तरी बूट वाजले. ती म्हणाली, “झालं,” आणि निघून आली. संध्याकाळी तिने बायकेंना फोन करून सांगितलं की सगळ्या यंत्रांत घातलं. एक उरलं, हे सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळपासून ती पेटीसमोर बसून राहिली. बाहेर कुणीतरी पहार आपटून बर्फ फोडत होतं. दुपारी फोटोंच्या खोलीतला कंप्युटर जागा झाला, विद्यापीठाच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. पान आलं असणार. ती वाचत असणार. आता बंद करील. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग ओझं निघालं. एकामागून एक, नेहमीसारखंच, जड आणि सावकाश, पेटीतून, कंबिनातच्या शिक्क्याखालून, पहिल्या विभागाच्या नजरेखालून पुढे जात राहिलं. बुरुलला उठता येईना. ती पेटी बंद करू शकत होती. वीज गेली म्हणून सांगता आलं असतं. हे तिला सुचलं तोवर सगळं गेलेलं होतं.

तिला एकच कळत नव्हतं. एवढं लाल पान बघूनही ही पुढे गेली कशी?

संध्याकाळी ती आयसुलूच्या घरी गेली. आयसुलू स्वयंपाकघरात सणाचे बोरसोक तळत होती. पिठाचे चौकोनी तुकडे तेलात फुगून वर येत होते. सासू आतल्या खोलीत मुलींच्या वेण्या घालत होती. बुरुलने शाल काढली नाही. इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, आज कंप्युटरवर काही वेगळं दिसलं का.

“काही नाही. ते लाल पान आलं, एवढंच.”

“मग?”

“मग काय, खालचं दाबलं,” आयसुलू झाऱ्याने बोरसोक उलटत म्हणाली. “तुम्हीच नाही का शिकवलंत? लाल आलं की घाबरायचं नाही, आपलीच पेटी आहे, खाली ‘पुढे जा’ असतं ते दाबायचं. अख्खं रुग्णालय तेच करतं.”

बुरुल तिथल्या स्टुलावर बसली. खरंच होतं. पेटीचं स्वतःचं प्रमाणपत्र जुनं होतं, घरीच केलेलं, कुणाच्याच यादीत नसलेलं. रोज सकाळी पेटीत आपलं नाव घालताना सगळ्यांना लाल पान यायचं. सगळे घाबरून फोन करायचे. नवं प्रमाणपत्र मागवा म्हणून तिने वर विचारलं होतं, उत्तर आलं नव्हतं. शेवटी कंटाळून तिनेच प्रत्येकाच्या खांद्याशी उभं राहून, बोट दाखवून शिकवलं होतं. वाचत बसू नका. खालचं दाबा. कित्येक वर्षं. घाबरायचं कधी ते शिकवायचं राहून गेलं होतं.

“आयसुलू,” ती म्हणाली, “आता दाबू नकोस.”

आयसुलूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वळून गॅस बंद केला. तेल चुरचुरत राहिलं.

“कुणी बघितलं?”

“पहिल्या विभागाने.”

“त्यात सगळ्यांची नावं होती, एजे. माझंही.” मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

बुरुलने होकारार्थी मान हलवली. आपण तिचा कंप्युटर का सोडला होता ते तिने सांगितलं. सांगताना तिला ते फार लहान, फार भित्रं वाटलं. दोन शब्द बोलायचे ते यंत्राच्या तोंडून बोलवले, आणि यंत्राचं कुणी ऐकू नये म्हणून आपणच आधी सगळ्यांचे कान बंद करून ठेवले होते. आतून मुलींच्या हसण्याचा आवाज आला. मग आयसुलूने गरम बोरसोक फडक्यात बांधून बुरुलच्या हातात दिले.

“रिकाम्या हाताने जाऊ नका,” ती म्हणाली. “सबीर बायके वाट बघत असतील.”

शनिवारी बोलावणं आलं. कंबिनातच्या कचेरीत, लांब बोळाच्या टोकाला, पहिल्या विभागाचं कातड्याने मढवलेलं दार होतं. त्यातून आवाज बाहेर येत नसे. केनेश बायके उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, “बसा.” तीस वर्षं हा माणूस तिला ‘तू’ म्हणत होता. आज एकदम ‘बसा’.

त्यांनी शांतपणे सांगितलं. कुणी पाठवलं ते कळलंय. बाई कामावरून जाणार, ते तर झालंच. पण दुसरी एक गोष्ट निघाली आहे. काल त्यांनी सगळे कंप्युटर तपासून घेतले. फोटोंच्या खोलीतल्या कंप्युटरमध्ये प्रमाणपत्र नाही. बुरुलने तर सगळीकडे घातलं होतं. म्हणजे त्या बाईने ते स्वतः काढून टाकलं. म्हणजे तिला पाळत ठाऊक होती, आणि ती चुकवायचा तिने कट केला. नियम मोडणं वेगळं आणि हे वेगळं. हे सरकारी वकिलाकडे जाईल, आणि तिथून माणूस चार-पाच वर्षं तरी परत येत नाही. बुरुलने फक्त एवढंच लिहून द्यायचं, की प्रत्येक यंत्रात आपण प्रमाणपत्र घातलं होतं. त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं.

बुरुलच्या डोळ्यांपुढे आयसुलूच्या मुलींच्या वेण्या आल्या. मग सबीरचा सिलिंडर आला, त्यातला बुडबुड आवाज. पेन उचललं तर सिलिंडर राहणार होता. ती पेनाकडे बघत राहिली. मग तिने ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

“त्या यंत्रात मी घातलंच नव्हतं, बायके,” ती म्हणाली.

बायके मागे टेकून जवळजवळ हसले. “विसरलात. होतं असं. वय होतं, घरात आजारपण.” त्यांनी सुस्कारा टाकला. “पण हे चालायचं नाही. तुम्ही मला ‘सगळ्यांत घातलं’ म्हणून सांगितलंय. विसरणाऱ्या बाईचं वर कोण ऐकणार? ते म्हणतील, घातलं असेल आणि विसरली असेल, काढलं त्या बाईनेच. तिचं काही वाचत नाही त्यात. उगाच तुमचं नाव मात्र येईल.”

त्यांचं बरोबर होतं. विसरल्याने कुणीच सुटत नव्हतं.

“विसरले नाही,” बुरुल म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. “मुद्दाम सोडलं. तिला कळावं म्हणून. तिला काही ठाऊक नव्हतं.”

केनेश बायके उठले, खिडकीशी गेले. बाहेर कामाची पाळी सुटत होती, माणसं फाटकातून खाली उतरत होती.

“बुरुल,” ते पाठमोरेच म्हणाले, आणि आता ते पुन्हा पहिल्यासारखे बोलत होते, “तू हे बोललीस ते मी ऐकलं नाही असं करता येईल मला. जा घरी.”

“नका करू तसं,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. हळूहळू, एकेक अक्षर कोरल्यासारखं.

आयसुलूवर खटला झाला नाही. नोरुझच्या आदल्या दिवशी तिला कामावरून काढलं. तिने सामान बांधलं, मुलींना आणि सासूला घेऊन ती राजधानीत गेली. तिथल्या एका खासगी दवाखान्यात ती आजही छातीचे फोटो काढते. थोरली मुलगी आता वैद्यकीच्या परीक्षेला बसते आहे. आयसुलूचा वर्षातून एकदा नोरुझला फोन येतो. दोघी हवेबद्दल बोलतात.

परदेशातल्या प्राध्यापकांचं मत आलं: हा खोकला दगडाच्या भुकटीचा. ते काहीजणांच्या हाती पोचलं, काहींच्या घरी पोचेपर्यंत माणूसच उरला नव्हता. कंबिनातने काही कबूल केलं नाही. मात्र त्या उन्हाळ्यात कुणाला न सांगता भरडायच्या शेडवर भुकटी ओढून घेणारे मोठे पंखे बसले.

केनेश बायके दोन वर्षांनी निवृत्त झाले. खालच्या खोऱ्यात त्यांनी मधमाश्या पाळल्या. बाजारात समोर आले की टोपी काढून नमस्कार करतात. बुरुलच्या जबाबात त्यांनी ‘मुद्दाम’ हा शब्द लिहिला होता की नाही, हे तिने कधी विचारलं नाही. तिला फक्त नेटवर्कच्या कामावरून काढलं होतं. घर मात्र गेलं. सिलिंडर गेला नाही. सबीर त्यानंतर दोन हिवाळे होता. दुसऱ्याच्या खोकल्याचा विनोद तो शेवटपर्यंत करायचा, फक्त शेवटी शेवटी त्याला तो पुरा करता येत नसे.

पेटी बदलली, पण यादी जशीच्या तशी नव्या पेटीत उतरवली. कंबिनातचं ते प्रमाणपत्र अजून तिच्यात आहे. वाचणारं कुणी उरलं आहे की नाही, देव जाणे. पेटी आपली प्रत्येकाचं पत्र उघडते, बंद करते, शिक्का मारते. लाल पान आता कुणालाच येत नाही.

बुरुलला रुग्णालयाच्या दारातल्या कोटांच्या खोलीत बसवलं होतं, आणि निवृत्तीचं वय होऊनही ती तिथेच आहे. लोक येतात, कोट काढून देतात, बिल्ला घेतात, तपासायला आत जातात. शेडवरून आलेल्या माणसाचा कोट हातात आला की तो जड लागतो. तो ती लगेच खुंटीला लावत नाही. मागच्या पायऱ्यांवर नेते, डोक्याचा रुमाल तोंडावरून घट्ट बांधते, वाऱ्याकडे पाठ करते आणि कोट झटकते. पुरतं झटकून होईपर्यंत झटकते. मग आत आणून कॉलर नीट करून टांगते.